केबिनचा ट्रॅक्टर आणि माळाचा उतार

आमचं गाव कंधार तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. गावाच्या वरच्या अंगाला आमचा नऊ एकर माळ आहे. पेरायच्या कामाचा तो नाही; खडक वर आलेला आणि ओढ्याकडे उतरत गेलेला. पण पाऊस बरा झाला की त्याच्यावर मांडीला लागेल एवढं गवत होतं. आमच्या दावणीला लाल कंधारी गायी आहेत. दसऱ्याच्या पुढेमागे हे गवत कापून, वाळवून गंजी लावली की गुरांचा उन्हाळा निघतो. उशीर झाला तर गवताला कुसळं येतात, ती गुरांच्या हिरड्यांत रुततात आणि मग गाय वैरणीला तोंड लावत नाही.

माझ्या मालकांनी याच गवतासाठी ट्रॅक्टरमागे लावायचं कापणीचं मशीन आणलं होतं. विळ्यानं बारा बायांना आठ दिवस लागायचे, ते काम दीड दिवसात व्हायला लागलं. ट्रॅक्टर तेव्हा उघडा होता, वर नुसती कापडाची छत्री. पाच वर्षांपूर्वी त्याच ट्रॅक्टरवर, माळाच्या उतारावर गवत कापताना ते गेले. ओढ्याच्या कडेला वळवताना खालच्या बाजूचं चाक खचलं आणि ट्रॅक्टर उलटला. मी गोठ्यात होते. मेंढ्या राखणारा एक माणूस पळत आला, दारात उभा राहिला आणि माळाकडं हात करत राहिला. मी शेणाच्या हातानं तशीच निघाले. पोचले तेव्हा इंजिन बंद पडलं होतं. कापलेलं गवत ओळीनं, एकसारखं पडलेलं होतं, थेट त्या कडेपर्यंत. याच्यापुढचं मी कधी कुणाला सांगितलं नाही, इथंही सांगत नाही.

घरात उरलो मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. सासूबाई आधीच गेल्या होत्या आणि मुलगी लातूरला शिकायला होती. तो ट्रॅक्टर मामांनी महिन्याभरात विकून टाकला. घेणारा न्यायला आला त्या दिवशी ते सकाळीच देवळात जाऊन बसले आणि तो गावाबाहेर गेल्यावरच परत आले. कापणीचं मशीन तेवढं शेतातल्या आखाड्यावर राहिलं, पत्र्याच्या शेडमध्ये, पोत्यांखाली.

पुढची दोन वर्षं आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढली. भाड्याचा ट्रॅक्टर आधी ट्रॅक्टरवाल्याच्या भावाच्या शेतात जातो, मग त्याच्या मेहुण्याच्या, आणि बाईच्या शेतात सगळ्यात शेवटी. दुसऱ्या वर्षी गवत पिवळं पडेपर्यंत कुणी आलंच नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या म्हाताऱ्या गाईच्या जबड्यात कुसळं जाऊन पू झाला. मी चिमट्यानं एकेक कुसळ काढत होते आणि ती माझ्या हातात तोंड देऊन उभी होती. त्या दिवशी मी ठरवलं की ट्रॅक्टर घ्यायचा आणि आपणच चालवायचा.

मला थोडंफार चालवता येत होतं. कडबा भरताना मालक मला पहिल्या गिअरमध्ये स्टेअरिंगवर बसवायचे आणि स्वतः खाली पेंढ्या फेकायचे. पण उताराची मला भीती होती.

केबिनचा ट्रॅक्टर मी पहिल्यांदा लातूरला बघितला. मुलीला भेटायला गेले होते, तिथं मैदानावर शेती अवजारांचं प्रदर्शन लागलं होतं. चारी बाजूंनी काचा, दार, आत पंखा आणि गार हवा. लोक चढत होते, दार लावून घेत होते, हसत खाली उतरत होते. विकणारा पोरगेला माणूस धूळ येत नाही, ऊन लागत नाही, असं सगळ्यांना सांगत होता. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, "उलटला तर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. हातातला छापील कागद द्यायला काढला होता, तो परत ठेवला.

"हे चार खांब माणसाला चेपू देत नाहीत, ताई," तो म्हणाला. "पण पट्टा बांधलेला पाहिजे. पट्टा नसला तर माणूस आतल्या आतच फेकला जातो."

"आणि उघड्या ट्रॅक्टरवर?"

उत्तराची वाट न बघता मी त्या खांबाला हात लावला. माझ्या मनगटाहून जाड होता. बराच वेळ मी तशीच उभी राहिले. मागचे लोक खोळंबले होते, पण त्यानं मला हटकलं नाही.

घरी येऊन मी मामांना सांगितलं. ते ओसरीवर दोरी वळत बसले होते. त्यांनी हात थांबवले नाहीत.

"ट्रॅक्टर पुन्हा या दारात नको," ते म्हणाले.

"मग गुरं विकावी लागतील, मामा."

"विकू."

"तुमच्याच्यानं होईल?"

मामांनी दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं होतं, ते सुटलं. ते पुन्हा धरत म्हणाले, "चालवणार कोण?"

"मी."

"माय, पोटचा पोरगा गेला माझा त्याच्यावर. आता तू बसणार?"

मी त्यांना त्या चार खांबांचं सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. रात्री जेवले नाहीत. पण सकाळी उठल्यावर, गाईला पाणी पाजताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पट्टा बांधल्याबिगर चावी लावायची न्हाई. माझ्या गळ्याची शप्पथ घे." मी घेतली. माहेरी माझ्या वाट्याला आलेला जमिनीचा तुकडा विकला आणि ट्रॅक्टर घेतला.

ट्रॅक्टर दारात आला तेव्हा गाव बघायला जमलं. मामा आत होते. मी आरती ओवाळली, नारळ फोडला आणि ट्रॅक्टर आखाड्यावर नेला. वाटेत कळलं की केबिनच्या उंचीमुळे बाभळीच्या फांद्या काचेला घासतात. दुसऱ्या दिवशी दोन गडी लावून सगळी वाट मोकळी केली. पण खरी अडचण वेगळीच होती. तो ट्रॅक्टर माझ्या मापाचाच नव्हता. सीट पुढं सरकवूनही क्लचला पाय पुरा पोचत नव्हता. सीटखाली चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे फिरवायचा एक नॉब असतो, तो दणकट माणसाच्या वजनावर लावलेला होता, म्हणून प्रत्येक ढेकळाला मी वर उडत होते. आरशात नुसतं आभाळ दिसत होतं. आणि मशीन मागं जोडून उचललं की पुढची चाकं हलकी व्हायची, स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळायचा नाही.

मी कंधारच्या मिस्त्रींना निरोप पाठवला. जुना ट्रॅक्टर तेच बघायचे. वयानं माझ्या वडिलांएवढे. मालक त्यांना चाचा म्हणायचे, म्हणून मीही चाचाच म्हणते. अपघातानंतर ते आमच्या घरी मातीला आले होते, त्यानंतर नाही.

ते सकाळच्या एसटीनं पिशवीत पाने-पकडी घेऊन आले. ट्रॅक्टरभोवती दोन चकरा मारल्या आणि पहिल्यांदा माझ्या साडीकडं बोट दाखवलं.

"बेटी, हे चालणार न्हाई. मागचा दांडा फिरून राहिला की पदर ओढून नेतो. तोडल्याबिगर सोडत न्हाई."

मी घरी जाऊन मुलीची सलवार आणि मालकांचा सदरा घालून आले. मामा दारात बसले होते. त्यांनी सदरा ओळखला. मान फिरवून ते गोठ्याकडं गेले.

चाचांनी दिवसभर काम केलं. क्लचच्या पेडलवर लोखंडी पट्टी वेल्डिंग करून घेतली, म्हणजे माझा पाय पोचेल. सीटचा नॉब माझ्या वजनावर आणला. पुढं लोखंडी वजनाच्या चार प्लेटा चढवल्या. मशीन कसं लावायचं ते मला खाली बसवून शिकवलं: दोन्ही बाजूंचे हात एका पातळीत, वरची लिंक फिरवून पुढची कड मागच्यापेक्षा बोटभर खाली, आणि पातं जमिनीपासून चार बोटं वर. "ह्याच्या खाली गेलं की दगड खातंय," ते म्हणाले. "दगड उडून काचंला लागतो. काच फुटली तर फुटली, पण माळावर दुसरं माणूस असंल तर?" फिरत्या दांड्यावरचं प्लास्टिकचं आवरण त्यांनी तीनदा ओढून बघितलं.

मग ते चाकांकडं वळले. नवा ट्रॅक्टर आला तेव्हा मागची चाकं आत घेतलेली होती, पिकांच्या ओळींत जायला सोपं म्हणून. माळासाठी ती बाहेर काढायची, म्हणजे जॅकवर ट्रॅक्टर उचलून, चाक काढून, उलटं करून पुन्हा बसवायचं. "केबिननं डोकं जड केलंय," चाचा म्हणाले. "पाय पसरून उभा राहिला पाहिजे." उजवं चाक झालं. डाव्या चाकाच्या नटाला पाना लावला आणि ते तसेच थांबले. मला वाटलं दमले. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"बेटी, तीन वर्षं होत आली, सांगावं म्हणतो. तोंड उघडत न्हाई."

"बोला ना, चाचा."

"त्या ट्रॅक्टरची चाकं मीच आत घेतली व्हती. कोळपणीला. तुझ्या मालकानं गवताच्या आधी निरोप धाडला, चाचा, येऊन चाकं बाहेर काढा, उतारावर जायचंय. मी म्हणलो, भोकरला भाचीचं लग्न हाय, चार दिवसांनी येतो. चाराचे आठ झाले. नवव्या दिवशी खबरच आली."

ते जमिनीकडं बघत होते. पाना नटाला तसाच लटकत होता. त्यांना माझ्याकडून काय हवं होतं, मला कळत नव्हतं.

"राहू द्या आता," मी म्हणाले. "जा तुम्ही."

ते उठले. पिशवीही घेतली नाही. फाट्यापर्यंत चालत गेले असतील, त्या वेळेला एसटी नव्हती.

अकरा दिवस ट्रॅक्टर तसाच जॅकवर होता, एक चाक बाहेर, एक आत. मामांनी विचारलं, मिस्त्री कुठं गेले, मी म्हणाले, काम निघालं त्यांचं. वर माळावर गवत फुलोऱ्यावर येत होतं. दुसऱ्या एका मिस्त्रीला फोन केला, तो म्हणाला, केबिनच्या ट्रॅक्टरला मी हात लावत नाही.

त्या अकरा दिवसांत मला राग होता, हे खरं. पण नुसता चाचांचा नव्हता. त्या शेवटच्या सकाळी मालक अंगणात उभे होते. म्हणाले, "चाचा येऊ दे, मग जातो माळावर." मी धार काढत होते. मी तिथूनच म्हणाले, "चाचा येईपर्यंत गवताचं काय होईल? इतकी वर्षं चालवून राहिलात, आता चाकाचं कशाला पुढं करता?" टॉवेल डोक्याला बांधून ते गेले. हे मी मुलीला सांगितलं नव्हतं, मामांना नाही, माझ्या आईला नाही. चाचांनी माझ्यासमोर बसून आपलं सांगून टाकलं, आणि मला त्यांचा राग आला तो बहुतेक याचाच, की ते माझ्याआधी बोलले.

बाराव्या दिवशी मी त्यांची पिशवी घेऊन कंधारला गेले. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. ते एका मोटारीचं तोंड उघडून बसले होते. मला बघून उठायला लागले. मी म्हणाले, बसा, आणि समोरच्या टायरवर बसले. मग मी त्यांना त्या सकाळचं सांगितलं, जसंच्या तसं, धार काढत होते इथपासून.

चाचा मान हलवत राहिले. "असं म्हणू नको, बेटी."

"तुम्ही म्हणलात ते चालतं, मी म्हणलं की चालत नाही?"

त्यांनी चिंधी घेऊन हात पुसायला सुरुवात केली. एकेक बोट, नखं, मनगटापर्यंत. हात स्वच्छ झाले तरी पुसत होते. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं.

"त्याला ठावं व्हतं," शेवटी ते म्हणाले. "चाकं आत हायत, हे त्याला ठावं व्हतं. तरी गेला. आपुन दोघं त्याला लेकरू समजून राहिलो."

ते खरं आहे का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा माणसासमोर रडले. चाचांनी मला थांबवलं नाही. नंतर चहा मागवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं येऊन त्यांनी डावं चाक काढून उलटं बसवलं. नट आवळताना पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे तूच आवळ. पहिल्या दिवशी तासाभरानं उतरून पुन्हा आवळायचं. नवीन बसवलेलं चाक सैल होतं."

गवत कापायला मी गेले तेव्हा कुसळं नुकती धरायला लागली होती. चाचा आधी माळ चालून आले होते. जिथं दगड वर आहेत तिथं त्यांनी काठ्या रोवून फडकी बांधली होती. उताराला आडवं जायचं नाही, वरून खाली सरळ उतरायचं, मशीन उचलायचं ते सपाटीवर आल्यावरच, असं त्यांनी मला चारदा म्हणवून घेतलं. मी पट्टा बांधला आणि दार लावलं.

दार लागल्यावर बाहेरचा सगळा आवाज एकदम लांब गेला. पातं फिरतंय की नाही, गवत कापलं जातंय की नुसतं आडवं पडतंय, कळेना. मी मागची काच उघडली. ओल्या गवताचा वास आत आला. मी थांबले. चाचा खालून बघत होते, पण जवळ आले नाहीत. मग मी पुन्हा पहिला गिअर टाकला. सपाटीवरचं सगळं आधी कापलं. तासानं उतरून नट आवळले, दोन खरंच सैल झाले होते. मग उतार घेतला. सीटवरून पुढं फक्त रिकामं आभाळ आणि खाली ओढा दिसत होता. पट्टा छातीला रुतत होता. मी खाली उतरले, वळले, लांबच्या वाटेनं वर आले, पुन्हा उतरले. ओढ्याच्या कडेचे दहा-बारा फूट मी सोडून दिले. संध्याकाळी वर बघितलं तेव्हा मामा काठी टेकून माळाच्या माथ्यावर उभे होते. कधी आले होते, कुणास ठाऊक. मी जवळ गेले तर एवढंच म्हणाले, "गवत लई हिरवं सापडलं औंदा."

त्यानंतर महिन्याभरानं एका दुपारी मामा म्हणाले, "मला बसून बघू दे की त्याच्यात." मी त्यांना धरून वर चढवलं. ट्रॅक्टर बंदच होता. त्यांनी दार ओढून घेतलं. मला वाटलं दोन मिनिटांत उतरतील. काचेतून बघितलं तर त्यांनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून त्यावर डोकं टेकलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. आतला आवाज बाहेर अजिबात येत नव्हता. मुलगा गेल्यापासून मामांना रडताना कुणीच बघितलं नव्हतं. मी गोठ्यात गेले आणि गव्हाणी झाडत राहिले, झाडलेल्या पुन्हा झाडल्या. ते उतरून आले तेव्हा त्यांनी टोपी नीट केली आणि चहा मागितला.

तिसरं वर्ष आहे आता. मोगडा मारणं, रोटा फिरवणं, पेरणी सगळं मीच करते. कोळपणीला चाकं आत घेते, दसऱ्याआधी बाहेर काढते. चाचा आता पिशवी आणत नाहीत, खाटेवर बसून फक्त बघतात, आणि नट आवळताना मी घाई केली तर खोकतात. शेजारच्या दोन गावांतही गवत कापायला बोलवतात. मागच्या हंगामात एका माणसानं त्याचा डोंगराकडचा तुकडा दाखवला. मी आधी पायी चालून बघितला, आणि खालचा अर्धा कापणार नाही म्हणून सांगितलं.

"ताई, केबिन हाय की तुम्हाला," तो म्हणाला. "भ्यायचं काय त्यात?"

"आहे," मी म्हणाले. "तरी नाही जाणार. तिथं विळा लावा."

तो चिडला, दुसऱ्याला बोलवतो म्हणाला. मी वरचा अर्धा कापला, मशीन उचललं आणि घरी निघाले. चार दिवसांनी त्याच्या बांधावरून जाताना बघितलं, खालच्या उतारावर सहा-सात बाया ओळीत वाकून गवत कापत होत्या, आणि तो माणूस त्यांच्यामागं पेंढ्या बांधत होता.